मांडीवरचे श्रोते

महाराष्ट्रातल्या काही नाट्यगृहांत प्रेक्षागृहाच्या अगदी मागे काचेची एक खोली असते. क्राय रूम. मूल रडायला लागलं की आईने त्याला उचलून तिथे जाऊन बसायचं, काचेतून नाटक बघायचं आणि स्पीकरवरून संवाद ऐकायचे. ज्याने कोणी ती पहिल्यांदा नकाशात काढली त्याने बाईचा विचार केला होता, याबद्दल मला शंका नाही. गाण्याच्या मैफलीला मात्र तेवढीही सोय नसते. ‘लहान मुलांना आणू नये’ अशी ओळ तिकिटावर छापलेली असते. ती नसली तरी मूल जरा कुरकुरलं की पुढच्या रांगेतली चार डोकी मागे वळतात आणि न छापलेली ओळही वाचता येते. मग गाणं मनापासून ऐकणारी बाई आई झाली की दोन-तीन वर्षं मैफलींतून दिसेनाशी होते. कित्येक जणी नंतरही परतत नाहीत. आणि जे मूल त्या काळात घरातला प्रत्येक आवाज टिपत असतं, ते समोर बसून माणूस गातो-वाजवतो म्हणजे काय, हे न बघताच शाळेत जातं.

ही काच काढून टाकायचं काम गेल्या पंचवीस-तीस वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या काही संगीतकारांनी मनावर घेतलं आहे. लंडनचा विगमोर हॉल हे त्यातलं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण. बेखश्टाइन या जर्मन पियानो कंपनीने १९०१ साली बांधलेलं हे जेमतेम साडेपाचशे आसनांचं सभागृह. मोजक्या वाद्यांच्या संगीतासाठी जगात जी थोडी नावं आदराने घेतली जातात त्यांतलं एक. इथली शांतता अशी की खोकला आला तरी माणूस दोन रचनांमधल्या फटीची वाट बघतो. त्याच सभागृहात एक वर्षाखालची बाळं आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी मैफली होतात. वाजवणारे कसलेले वादक, वाजवायचं ते खरंखुरं अभिजात संगीत, आणि श्रोत्यांनी रडावं, रांगावं, दूध प्यावं, झोपावं. मोठ्यांच्या मैफलीचे नियम तेवढे बाहेर ठेवायचे.

लंडनमध्येच म्याओम्याओ यू या पियानोवादिकेने स्वतःचं मूल झाल्यावर ‘बाख टू बेबी’ नावाची मालिका सुरू केली. तिच्या मैफली बहुतेक मोहल्ल्या-मोहल्ल्यांतल्या चर्चमध्ये होतात. त्यात हिशेब आहे. चर्चमध्ये पियानो असतो, छत उंच असल्यामुळे आवाज आपसूक भरतो, भाडं परवडतं, आणि आईला बाबागाडी ढकलत चालत येता येतं. बस बदलून, जिने चढून शहराच्या मध्यावर जायचं म्हटलं तर तान्ह्या बाळाची आई घरीच राहणं पसंत करते. ही गोष्ट आपल्याकडच्या आयोजकांनी नीट ध्यानात घ्यावी अशी आहे.

अशाच एका चर्चमधल्या मैफलीला मी भाचीबरोबर गेले होते. तिची लेक तेव्हा दहा महिन्यांची. दाराशी बाबागाड्यांची दाटी, आत बाकं मागे सरकवून मोकळ्या केलेल्या जागेत रजया आणि पातळ गाद्या अंथरलेल्या. पियानो आणि चेलो दोन्ही जमिनीवरच, व्यासपीठ नाहीच. सुरुवातीला इतका कलकलाट होता की यात कोण काय वाजवणार असं वाटलं. चेलोवादकाने कुणालाही गप्प बसायला सांगितलं नाही. त्याने गज तारेवर ठेवला आणि बाखच्या पहिल्या सुईटमधला प्रेल्यूड सुरू केला. कलकलाट थांबला नाही, पण पातळ होत गेला. आमची छोटी भाचीच्या मांडीवरून उतरली आणि रांगत थेट चेलोपाशी गेली. चेलो ज्या लोखंडी टोकावर उभा असतो त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. फळ्यांची जमीन होती. तिने दोन्ही तळवे जमिनीवर पसरले आणि खाली बघायला लागली. खालचा स्वर आला की तिची नजर तळव्यांकडे जायची, मग वर गजाकडे, मग वादकाच्या कोपराकडे. आवाज कुठून येतो याचा तिचा शोध चालला होता आणि तो पायरीपायरीने, मन लावून चालला होता. वादकाने तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या, पण लय सोडली नाही.

तेवढ्यात मागे एक बाळ टाहो फोडून रडायला लागलं. एकही मान वळली नाही. त्याचा बाबा उठला, त्याला खांद्यावर घेऊन भिंतीकडेने फेऱ्या मारायला लागला आणि त्याच्या पावलांनी नकळत सुरावटीचा ठेका धरला. पुढे वॉल्ट्झ सुरू झाल्यावर तर निम्म्या आया बाळांना कडेवर घेऊन झुलत होत्या. पाऊण तासात सगळं आटोपलं. बाहेर पडताना भाची म्हणाली, “मावशी, हिच्या जन्मानंतर आज पहिल्यांदा मी काहीतरी पूर्ण ऐकलं गं.” छोटी तोवर झोपून गेली होती.

काहींना हे सगळं हौशी, खेळीमेळीचं वाटेल. त्यांना स्कॉटिश ऑपेराचं ‘बँबिनो’ दाखवायला हवं. लियम पॅटरसन या तरुण संगीतकाराने सहा ते अठरा महिन्यांच्या बाळांसाठी रचलेला हा ऑपेरा फेलिम मॅकडरमॉट यांनी दिग्दर्शित केला आणि २०१७ साली मँचेस्टरच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो पहिल्यांदा झाला. दोन गायक, एक चेलो, एक तालवादक. गोष्ट एका पक्षिणीची आणि तिच्या पिल्लाची. भाषा इटालियन. ती बाळांना कळत नाही आणि बहुतेक आईबापांनाही कळत नाही, त्यामुळे त्या चाळीस मिनिटांपुरते घरातले सगळे एकाच इयत्तेत येतात. बाळं गायकांभोवती बसतात, वाटलं तर मधोमध रांगत जातात. २०१८ मध्ये हा प्रयोग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने बोलावून घेतला. जवळजवळ ३,८०० आसनांचं प्रेक्षागृह बाळगणारी ही संस्था, आणि तिने बोलावला तो एका खोलीत मावेल एवढ्या श्रोत्यांसाठीचा खेळ.

पॅटरसन यांनी बाळांसाठी म्हणून सूर सोपे केले नाहीत, आवाज लाडिक केला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. गायिका पूर्ण ऑपेराच्या आवाजाने गाते, फक्त जवळून आणि जपून. मुलांसाठी काही करायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच कार्टूनचे मुखवटे येतात, सिंथेसायझरवर टिणटिण वाजायला लागतं आणि निवेदिका चिरक्या आवाजात ‘बालमित्रांनो’ म्हणते. लहान मुलाला कमी प्रतीचं चालतं, हे त्यामागचं गृहीत मला मान्य नाही.

या विषयावर बोलायला लागलं की पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारतंच, “याने मूल हुशार होतं का?” या प्रश्नाचा उगम सांगायलाच हवा, कारण त्याने या कामाचं बरंच नुकसान केलं आहे. १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची एक छोटी टिपणी आली. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोत्सार्टची दोन पियानोंची सोनाटा ऐकवली आणि मग घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा तऱ्हेचे प्रश्न दिले. शांत बसून आलेल्यांपेक्षा त्यांना थोडे जास्त गुण पडले. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. प्रयोगात एकही बाळ नव्हतं. पण वर्तमानपत्रांनी याला ‘मोत्सार्ट इफेक्ट’ करून टाकलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली. त्याच वर्षी फ्लोरिडात सरकारी मदतीवर चालणाऱ्या पाळणाघरांना रोज असं संगीत लावायचा कायदा झाला. बेबी आइन्स्टाइन या कंपनीच्या बाळांसाठीच्या चित्रफिती घरोघर गेल्या आणि २००१ मध्ये ती कंपनी डिस्नेने विकत घेतली. पुढे २००९ मध्ये डिस्नेला त्या चित्रफितींचे पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली. २०१० साली व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळपास चाळीस अभ्यास आणि तीन हजारांहून अधिक माणसांची आकडेवारी एकत्र तपासली. मोत्सार्टमध्ये बुद्धी वाढवणारं खास असं काही त्यांना सापडलं नाही.

आपण यावर हसायचं कारण नाही. गर्भसंस्काराच्या सीडी आपल्याकडे सोनोग्राफीच्या फाइलबरोबर घरात येतात आणि अभिमन्यूचा दाखला त्यांच्या वेष्टनावर असतो. पोटावर हेडफोन ठेवलेल्या सुना मी पाहिल्या आहेत. गर्भाला गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ऐकू येतं हे खरं. १९८० साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या डीकॅस्पर आणि फायफर यांच्या प्रयोगात तीन दिवसांच्या आतली बाळं चोखणीच्या लयीत बदल करून आईचा आवाज निवडत होती. म्हणजे पोटात सगळ्यांत जास्त ऐकलेला आवाज बाळ ओळखतं आणि तो आवाज आईचा असतो. सुनेला हेडफोन आणून देणाऱ्या घराने तिला निवांतपणे गुणगुणायला अर्धा तास दिला असता तर ते जास्त उपयोगी पडलं असतं, असं मला वाटतं.

आता त्याच १९९८ सालात पोर्तुगालला जाऊ. जॉर्जियात ध्वनिमुद्रिकांची चर्चा चालू असताना लेइरिया नावाच्या एका शहरात पाउलो लामेइरो हे संगीतकार बाळांना वादकांच्या मधोमध आणून बसवत होते. त्यांच्या ‘कॉन्सेर्तोस पारा बेबेस’, म्हणजे बाळांसाठीच्या मैफली, तेव्हापासून चालू आहेत. त्यामागे अमेरिकन संगीतशिक्षक एडविन गॉर्डन यांचा विचार आहे. मूल भाषा शिकतं तसंच संगीत शिकतं, असं गॉर्डन यांचं म्हणणं. आधी वर्ष-वर्ष नुसतं ऐकायचं, मग बोबडं, मग अर्थपूर्ण. त्यांचा भर दोन गोष्टींवर होता. बाळासमोर शब्दांविना, निरनिराळ्या स्वरसप्तकांत आणि निरनिराळ्या मात्रांत गावं. आणि मधे थांबावं.

ते थांबणं महत्त्वाचं. गाणं चालू असताना बाळ अनेकदा दगडासारखं स्थिर होतं, तोंड उघडं, डोळे गायकावर रोखलेले. नवख्या आईला वाटतं, याला काही आवडलं नाही. गाणं थांबलं आणि शांतता पसरली की मग त्याच्या तोंडून एखादा ‘आ’ किंवा ‘बा’ निघतो. गॉर्डन यांच्या पद्धतीने शिकवणारे सांगतात की हा आवाज पुष्कळदा त्या गाण्याच्या मूळ स्वरावर नाहीतर त्याच्या पंचमावर येतो. आपल्या भाषेत सा किंवा प. तानपुऱ्याच्या तारा ज्या स्वरांत लावतो ते हेच दोन. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होते. आपण मात्र बाळासमोर गाताना थांबतच नाही. एक गाणं संपलं की दुसरं, टाळ्या, खुळखुळा, मोबाईल. त्याला उत्तर द्यायला जागाच ठेवत नाही.

ध्वनिमुद्रण आणि समोरचं गाणं यांत बाळाच्या लेखी खरंच फरक पडतो का, हे कॅनडात तपासलं गेलं. हॅमिल्टन शहरातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लाइव्हलॅब नावाचं १०६ आसनांचं सभागृह आहे. ते दिसतं नाट्यगृहासारखं, पण श्रोत्यांच्या हृदयाचे ठोके मोजायची सोय त्यात आहे. तिथे सहा ते चौदा महिन्यांच्या १२० बाळांना ब्रायना बेरेझोव्स्का यांचा ‘द म्युझिक बॉक्स’ हा बाळांसाठीचा ऑपेरा दाखवला. काहींनी तो समोर पाहिला, काहींनी त्याच सभागृहात पडद्यावर. प्रयोग बारा मिनिटांचा. समोर पाहणारी बाळं त्यातला ७२ टक्के वेळ लक्ष देऊन होती, पडद्यावर पाहणारी ५४ टक्के. शिवाय समोर पाहणाऱ्या बाळांच्या हृदयाची गती एकमेकांशी जास्त जुळत होती. गाणं रंगलं की सगळी सभा एकजीव होते असं आपण म्हणतो. ती सभा सहा महिन्यांच्या माणसांचीही असू शकते, हे या अभ्यासाने २०२३ साली दाखवून दिलं.

लॉरेल ट्रेनर या त्यामागच्या एक संशोधक. त्यांनी जेसिका फिलिप्स-सिल्व्हर यांच्याबरोबर २००५ साली केलेला प्रयोग मला जास्त आवडतो, कारण तो कुठल्याही आजीला समजेल. सात महिन्यांच्या बाळांना एक सपाट ताल ऐकवला, ज्यात जोर कुठेच नव्हता. ऐकवताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला हातांवर झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर देऊन तोच ताल वाजवला तेव्हा प्रत्येक बाळाने आपल्या झुलण्याशी जुळणारा ताल जास्त वेळ ऐकला. दुसऱ्याला झुलताना नुसतं बघून हे साधलं नाही. मांडीवर घेऊन नाचवणारी आजी बाळाच्या अंगात सम घालत असते.

तालाबद्दलच आणखी एक सांगते, कारण ते थेट आपल्या दारात येतं. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन प्रदेशातले सात मात्रांचे लोकताल ऐकवले. तिथल्या मोठ्या माणसांना त्यात चूक केली तरी कळत नव्हती, कारण त्यांचे कान दोन-चारच्या हिशेबात घडलेले. सहा महिन्यांच्या बाळांना मात्र सातातली चूकही तितकीच कळत होती जितकी चारातली. बारा महिन्यांपर्यंत हे कौशल्य मावळलेलं होतं. पण या वर्षाच्या मुलांना दोन आठवडे घरी रोज थोडा वेळ ते संगीत ऐकवलं तर ते परत आलं. मोठ्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. आता आपल्याकडचा विचार करा. आपला रूपक सात मात्रांचा, झपताल दहाचा, दीपचंदी चौदाचा. आणि आपल्या घरातल्या वर्षाच्या मुलाच्या कानावर दिवसभर पडतं ते काय? मोबाईलवरच्या इंग्रजी बालगीतांचा चौकोनी ठोका आणि गल्लीतल्या वरातीचा डीजे. आपल्या संगीताची दारं त्याच्यासाठी पहिल्या वाढदिवसाआधीच अरुंद व्हायला लागतात.

सँड्रा ट्रेहब यांनी आयुष्यभर आयांच्या गाण्याचा अभ्यास केला. त्यांच्या आणि मॉन्ट्रियलमधल्या सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना अनोळखी तुर्की गाणं ऐकवलं आणि बाळ चेहरा पाडून रडवेलं होईपर्यंत वेळ मोजली. गाणं ऐकताना बाळं सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली. बोलणं ऐकताना, अगदी बाळांशी बोलतो तसं लडिवाळ बोलणं असूनही, चार मिनिटांच्या थोडं वर. आई जवळ होती, पण ती गात नव्हती. मुद्रित आवाज आणि न कळणारी भाषा, एवढ्यावर हा फरक.

पण या सगळ्यात आईचं काय? मला विचाराल तर बाळांच्या मैफलींचा पहिला हक्क तिचा आहे. बाळंतपणानंतरची उदासी हा विषय आपल्या घरांत अजून दबक्या आवाजात बोलला जातो. ‘सगळ्यांनाच होतं, चार दिवसांनी जाईल’ असं म्हणून विषय मिटवतात. ब्रिटनमध्ये डेझी फॅनकोर्ट आणि रोझी पर्किन्स यांनी अशी लक्षणं असलेल्या १३४ आयांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. काही जणी दहा आठवडे बाळांना घेऊन एकत्र गायल्या, काही जणी बाळांबरोबर खेळाच्या गटात गेल्या, उरलेल्यांना नेहमीचेच उपचार. ज्यांची लक्षणं मध्यम ते तीव्र होती त्यांच्यात गाणाऱ्या गटाला सगळ्यांत लवकर उतार पडला. दहाव्या आठवड्यापर्यंत तिन्ही गट सुधारले होते, हेही सांगितलं पाहिजे. पण रात्र-रात्र जागणाऱ्या बाईसाठी महिनाभर आधी बरं वाटणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते ती बाईच जाणे.

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलने हे आणखी पुढे नेलं. २०११ मध्ये ब्राँक्समधल्या जेकोबी या सार्वजनिक रुग्णालयात त्यांनी ‘ललबाय प्रोजेक्ट’ सुरू केला. अडचणीत सापडलेल्या गरोदर बायका आणि नव्या आया व्यावसायिक संगीतकारांबरोबर बसतात आणि स्वतःच्या बाळासाठी अंगाई रचतात. ती नीट ध्वनिमुद्रित करून त्यांना दिली जाते. मैफलीला तिकीट काढून येणाऱ्या घरांत गाणं आधीच असतं. ज्या घरात ते नाही तिथे संगीतकाराने उठून गेलं पाहिजे, हे कार्नेगी हॉलने ओळखलं.

आपल्याकडे यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेतून गावोगाव अंगणवाड्या आहेत. आहारासाठी, वजनासाठी, लसीसाठी तान्ह्यांच्या आया तिथे येतातच. तालुक्याच्या गावात एक तरी हार्मोनियम-तबल्याचा क्लास असतो, एखादं भजनी मंडळ असतं. महिन्यातून एकदा या दोघांची गाठ घालून द्यायला किती खर्च येईल?

आणि बाळाने गाण्यात बसायचं ही आपल्याला परकी गोष्ट नाहीच. बारशाला आत्या कानात कुर्रर्र करते आणि बायका पाळणे म्हणतात, तिथूनच ते सुरू होतं. कीर्तनाला आया मुलं घेऊन बसत. पूर्वरंगात मूल जागं, उत्तररंगात मांडीवर झोपलेलं. बुवांनी कधी कुणाला उठवलं नाही. गोव्यात वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं आणि त्या गर्दीत कडेवरची मुलं असतातच. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्र-रात्र गाणं चाले तेव्हाही सतरंज्या, शाली, थर्मास आणि पेंगुळलेली मुलं असाच कुटुंबाचा सरंजाम असे. खुर्च्यांच्या रांगांबरोबर तिथे ‘भारतीय बैठक’ अजून आहे. युरोपातल्या मंडळींना बाळांसाठी बाकं सरकवून जे तयार करावं लागतं ते आपल्याकडे तिकिटाच्या एका दराचं नाव आहे.

एक गोष्ट मात्र आपण पार बिघडवून ठेवली आहे, ती म्हणजे आवाज. पन्नास माणसांच्या बैठकीलाही आपल्याकडे दोन भिंतीएवढे स्पीकर लागतात. तान्ह्या बाळाच्या कानाची नळी लहान असते, त्यामुळे वरच्या पट्टीतला आवाज त्याच्या पडद्यावर मोठ्या माणसापेक्षा जास्त दाबाने आदळतो. बाळांची मैफल करायची तर ध्वनिवर्धक नको, हा पहिला नियम. त्या निमित्ताने मोठ्यांनाही गळ्याचा मूळ आवाज ऐकायला मिळेल.

हे सगळं मी माझ्या एका गाणाऱ्या मैत्रिणीपुढे मांडलं. ती पुण्यात ख्याल गाते आणि शिकवते. तिने साफ नाही म्हटलं. “अगं, माझा षड्ज लागायलाच दहा मिनिटं जातात. विलंबित एकतालात मी समेवर यायला आणि तिकडे पोरगं किंचाळायला एक गाठ पडली, की संपलं.” तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. लिहून ठेवलेली रचना वाजवणाऱ्याला गोंधळातही पुढचा स्वर माहीत असतो. ख्याल गाणारी तो त्या क्षणी शोधत असते. शिवाय नव्या बाळाचं रडणं साधारण ४०० ते ५०० हर्ट्झच्या टापूत असतं, आणि मैत्रीण काळी चारमध्ये गाते. तिचा तार षड्ज ४१५ हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे बाळ रडायला लागलं की ते नेमकं तिच्या तार षड्जाला खेटून रडणार. मी हे सांगितल्यावर तिने तानपुरा काढला, तार छेडली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे थोडं सांभाळून घेतलं तर ते सुरात रडेल.”

त्यानंतर आमची खरी चर्चा झाली. बडा ख्याल नको. आलापाला दहा मिनिटं, त्यात जागोजाग थांबायचं आणि बाळांनी काही म्हटलं तर तो स्वर उचलून पुढे न्यायचा. मग मध्यलयीत रूपक, शेवटी एक पाळणा. सगळं मिळून पस्तीस मिनिटं. मी सकाळी साडेदहाची वेळ सुचवली, कारण लंडनला तीच असते. तिने मला वेड्यात काढलं. मालिश, अंघोळ, धुरी झाली की आपल्याकडची बाळं दोन तास गाढ झोपतात, त्यांना त्या वेळी उठवून कोण आणणार? वेळ दुपारी चारची ठरली आणि वेळेप्रमाणे राग भीमपलास. तानपुरा आडवा ठेवायचा, म्हणजे भोपळ्याला हात लावता येईल. तबल्याला तिचा एक विद्यार्थी, ज्याची स्वतःची मुलगी आठ महिन्यांची आहे. त्याने बायकोला आणि मुलीला घेऊन यायचं, हातोडी मात्र पिशवीत बंद ठेवायची. सहांपेक्षा जास्त बाळं पहिल्या खेपेला नकोत. एक तरी आई अशी हवी जिने आजवर बैठक ऐकलेली नाही. मोबाईलवर चित्रीकरण कुणीही करायचं नाही, आजोबांनीसुद्धा नाही. आणि बिदागी तिला हवी, कमी चालेल पण फुकट नको, कारण पहिलं फुकट झालं तर पुढचं कुणी करणार नाही. सहापैकी चार घरं ठरली आहेत. पाचवी आई आमच्या भाजीवालीची सून आहे आणि ती सासूला विचारून सांगणार आहे.